बटण दाबून धरून पीसी बंद केला तर हार्डडिस्क खराब होते का?

निळी_छत्री
जाणकारांनो, घरात वाद पेटलाय, मदत करा.
बाबा सांगलीला असतात. निवृत्त आहेत, सोसायटीचे खजिनदार आहेत आणि सगळा हिशोब त्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर आहे. विंडोज १०, एक टीबीची साधी फिरणारी हार्डडिस्क, वय सात-आठ वर्षं. गेले काही महिने पीसी मध्येच थिजतो. माऊस हलतो, पण क्लिक केलं तर काही उघडत नाही. मग बाबा बटण दाबून धरतात, बंद करतात, पुन्हा चालू करतात. परवा दुरुस्तीवाला येऊन गेला आणि म्हणाला, "काका, असं बटण दाबून दाबूनच तुम्ही डिस्कची वाट लावलीत." बाबांना ते फार लागलंय. आई तेव्हापासून रोज ऐकवतेय ते वेगळंच.
असं बंद केल्याने डिस्कच्या यंत्राला खरंच इजा होते का? की फक्त फायली बिघडतात? नवीन डिस्क घ्यायला हरकत नाही, पण दोष नक्की कुणाचा ते कळू दे.

तिरकस
दोष कुणाचा ते कळल्यावर घरातली भांडणं मिटतात, हे नव्यानेच कळलं. चहा टाकलाय, वाचतोय.

खटपट्या
@निळी_छत्री, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. मी यंत्रापुरतं बोलतो, फायलींचं कुणीतरी सांगेलच.
डिस्कच्या आतल्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. साडेतीन इंची, ७२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये चकतीची बाहेरची कड ताशी १२०-१३० किलोमीटरने पळत असते आणि वाचणारं-लिहिणारं हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर, हवेच्या थरावर तरंगत असतं. तो थर चकती फिरतेय म्हणून असतो. त्यामुळे वीज गेली की हेड धाडकन चकतीवर बसणार, अशी भीती वाटणं साहजिक आहे.
पण वीज जाऊ शकते हे डिस्क बनवणाऱ्यांनी धरलेलंच असतं. वीज तुटली तरी चकत्या लगेच थांबत नाहीत. त्या गरगरत असताना मोटरच जनित्राचं काम करते, आणि त्या उरल्यासुरल्या विजेवर हेड बाजूला नेलं जातं. लॅपटॉपच्या आणि हल्लीच्या बहुतेक डिस्कमध्ये चकतीबाहेर एक छोटा उतार असतो, त्यावर ते चढून बसतं. जुन्या साडेतीन इंचींमध्ये चकतीच्या आतल्या कडेला त्यासाठी जागा राखलेली असायची, तिथे डेटा नसतो. बटण दाबून धरल्यावर कॅबिनेटमधून 'टक्' असा आवाज येतो ना, तो हेड पार्क झाल्याचा.
हे पार्किंग नेहमीच्यापेक्षा घाईचं असतं, हे मान्य. रीतसर शटडाउनमध्ये विंडोज डिस्कला आधी सूचना देतं, ती आपली कॅश (लिहायचा डेटा तात्पुरता ठेवायची मेमरी) रिकामी करते, हेड सावकाश उचलून ठेवते. अचानक वीज गेली की हेड जोरात ढकललं जातं. हिताचीच्या ट्रॅव्हलस्टार लॅपटॉप डिस्कच्या माहितीपत्रकांत नेहमीचं पार्किंग ६ लाख वेळा आणि असं तातडीचं पार्किंग २० हजार वेळा झेपेल, असे आकडे असायचे. म्हणजे तातडीचं पार्किंग तीसपट महाग पडतं. पण २० हजार म्हणजे रोज दोनदा केलं तरी सत्तावीस वर्षं. बाबांचा अंगठा त्याआधी दमेल.

जुना_टेक्निशियन
खटपट्या बरोबर. आता दुरुस्तीवाल्याच्या बाजूने थोडं बोलतो, कारण मीही त्यातलाच.
मी लॅमिंग्टन रोडला शिकलो तेव्हा दहा-वीस एमबीच्या डिस्क असायच्या, आत हेड हलवायला स्टेपर मोटर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारी. त्यांना वीज गेल्यावर स्वतःहून हेड पार्क करता यायचं नाही. मशीन बंद करण्यापूर्वी किंवा हलवण्यापूर्वी 'पार्क' नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवायचा, तो हेड मोकळ्या जागी नेऊन ठेवायचा. तो न चालवता कुणी स्विच पाडला की उस्ताद अक्षरशः ओरडायचे, कारण हेड जिथे असेल तिथेच, डेटावर बसायचं. त्या डिस्क गेल्या, हेड हलवायला व्हॉइस कॉइल (चुंबकातली तारेची गुंडाळी) असलेल्या आल्या, त्या आपोआप पार्क व्हायला लागल्या. उस्तादांचा ओरडा मात्र चेल्यांच्या तोंडी तसाच राहिला. तुमच्याकडे आलेला मुलगा विशी-पंचविशीतला असेल तर त्याने अशी डिस्क बघितलेलीही नसणार.

कोडगा
फायलींचं मी घेतो, कारण खरं नुकसान तिथे होतं.
सेव्ह दाबलं की फाइल चकतीवर गेली असं नसतं. ती आधी रॅममध्ये पडते, विंडोज सवडीने ती डिस्ककडे पाठवतं, डिस्क ती आपल्या कॅशमध्ये घेते आणि मग लिहिते. या वाटेवर कुठेही असताना वीज तुटली तर तेवढं गेलं.
एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फायली मांडायची पद्धत, १९९३ साली विंडोज एनटी ३.१ बरोबर आली, तेव्हापासून तिच्यात जर्नल आहे. हिशोबाचंच उदाहरण घ्या: व्यवहार आधी कच्च्या वहीत टिपायचा, मग पक्क्या वहीत चढवायचा. मध्येच दिवे गेले तर सकाळी कच्ची वही उघडून अर्धवट राहिलेलं निस्तरता येतं. म्हणूनच विंडोज बहुतेक वेळा काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतं.
पण मेख अशी की त्या कच्च्या वहीत फायलींची व्यवस्था तेवढी टिपलेली असते, म्हणजे नाव, आकार, जागा वगैरे. आतला मजकूर नसतो. त्यामुळे फाइल जागेवर दिसते, आकारही बरोबर असतो, आणि उघडायला जावं तर आत नुसती शून्यं. सोसायटीचा हिशोब ज्या प्रोग्रॅममध्ये आहे तो चालू असताना बटण दाबलं जात असेल तर मला भीती त्याची आहे, डिस्कची नाही.
पेन ड्राइव्हवर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते, तिथे कच्ची वहीच नाही. तो लिहित असताना ओढून काढणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

मालवणी_चेडू
आमच्याकडे पावसात लाईट गेली की येवचा नाव घेत नाय. माझ्या डेस्कटॉपला एसएसडी आहे. तिच्यात फिरणारं काहीच नाही, मग आम्ही सुटलो ना?

फ्रिमाँटकर
@मालवणी_चेडू, उलट आहे हो. मी स्टोरेजमध्येच काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो.
एसएसडीत कुठला डेटा कुठल्या चिपवर ठेवलाय याचा एक नकाशा असतो आणि तो सतत बदलत असतो, कारण तिच्यातल्या फ्लॅश चिपमध्ये जुन्या जागेवर नवं लिहिता येत नाही, आधी मोठा तुकडा पुसावा लागतो. नकाशाची ताजी आवृत्ती बरेचदा मेमरीत असते. नेमक्या त्या वेळी वीज गेली तर आता लिहित होतात ती फाइल तर जातेच, पण पूर्वी नीट लिहून झालेल्या डेटालाही धक्का बसू शकतो. फिरणाऱ्या डिस्कमध्ये असं सहसा होत नाही.
२०१३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या लोकांनी १५ एसएसडी घेऊन त्यांची वीज मुद्दाम पुन्हा पुन्हा तोडली. त्यातल्या १३ मध्ये काही ना काही बिघाड दिसला. कुठे डेटा सडला, कुठे अर्धवट लिहिला गेला, एक तर पूर्ण मेली. गोष्ट जुनी आहे, तेव्हापासून फर्मवेअर (एसएसडीच्या आतलाच प्रोग्रॅम) बरंच सुधारलंय. तरीही सर्व्हरसाठीच्या महाग एसएसडींवर आजही कपॅसिटरची रांग असते ती याचसाठी, वीज गेल्यावर मेमरीतलं सगळं उतरवून घ्यायला तेवढा क्षण मिळावा म्हणून. आपण घरी घेतो त्यांच्यात ती बहुधा नसते.

मालवणी_चेडू
अरे देवा. म्हणजे यूपीएस आला.

घाटमाथा
यूपीएसवरून आठवलं. "घरात इन्व्हर्टर आहे, मला काय" म्हणणाऱ्यांसाठी: वीज गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टरला जो वेळ लागतो तेवढा वेळ पीसीच्या पॉवर सप्लायने दम धरायला हवा. पॉवर सप्लाय साधारण १६ मिलिसेकंद धरतो, तेही तो चांगला असेल तर. पंख्या-दिव्यांच्या मोडवर ठेवलेला इन्व्हर्टर त्याहून सावकाश बदलतो आणि पीसी बंद पडतो. बऱ्याच इन्व्हर्टरना मागे किंवा बाजूला यूपीएस मोडचा खटका असतो, तो बघा. अनेकांना तो आहे हेच माहीत नसतं.

डेटा_दवाखाना
धागा उशिरा पाहिला. माझा डेटा रिकव्हरीचा धंदा आहे, नाशिकला. इथे सगळे बटण दाबल्यामुळे डिस्क बिघडते का यावर बोलताहेत. मला उलटा प्रश्न पडतोय: डिस्क बिघडल्यामुळे बटण दाबावं लागतंय का?
"माऊस हलतो पण काही उघडत नाही" हे लक्षण ओळखीचं आहे. डिस्कला एखादा सेक्टर (चकतीवरचा डेटाचा छोटा कप्पा) वाचता येत नसला की ती लगेच हार मानत नाही, पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसते. तेवढा वेळ विंडोज तिची वाट बघत थांबतं. माऊसला डिस्क लागत नाही म्हणून तो हलतो, बाकी सगळं खोळंबतं. वापरणारा वैतागतो, बटण दाबतो. दोन महिन्यांनी डिस्क मरते. सगळे म्हणतात, बटण दाबून मेली. माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांतली निम्मी तरी हीच गोष्ट सांगतात.
@निळी_छत्री, दोन गोष्टी करा. पीसी थिजेल तेव्हा कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा बघायला बाबांना सांगा. तो न लुकलुकता एकसारखा पेटून राहिला तर डिस्क अडकली आहे. दुसरं, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम टाका आणि ०५, सी०, सी५ आणि सी७ या चार ओळींतले उजवीकडचे आकडे इथे द्या. पण त्याआधी हिशोबाच्या फायली पेन ड्राइव्हवर काढा. आधी फायली, मग तपासणी. आणि कुणी चेकडिस्क स्लॅश आर (विंडोजची अख्खी डिस्क तपासायची आज्ञा) चालवायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला ते रात्रभर पळवतं.

निळी_छत्री
सगळ्यांचे आभार! बाबांना फोनवर धरून फायली काढल्या. एक फाइल कॉपी व्हायला फार वेळ लागला, पण झाली. प्रोग्रॅम उघडल्यावर वर पिवळ्या चौकटीत कॉशन आलंय. आकडे असे:
०५ : ८
सी० : २ई६
सी५ : १८
सी७ : ०
वर कोपऱ्यात ३१ हजारांवर तास दाखवतोय आणि साधारण २९०० वेळा चालू केल्याचं. दिव्याचं बाबा सांगतात की हो, थिजतो तेव्हा लाल दिवा पेटलेलाच असतो. त्यांना वाटायचं तो "काम चालू आहे" असं सांगतोय.
सी० मध्ये ई कुठून आला?

तिरकस
मुंबईच्या रिक्षाचा नंबर दिसतोय.

कोडगा
तो प्रोग्रॅम आकडे षोडशमान पद्धतीत दाखवतो, दहापुढे ए, बी, सी करत एफपर्यंत. मेनूतून दशमान करता येतं. तुमचे आकडे आपल्या भाषेत असे: ०५ म्हणजे ८, सी५ म्हणजे २४, आणि सी० म्हणजे ७४२.

डेटा_दवाखाना
आता चित्र स्पष्ट आहे.
सी० म्हणजे वीज अचानक तुटल्यामुळे हेड घाईने पार्क करावं लागलं ते किती वेळा. मोजायची पद्धत कंपनीगणिक थोडी बदलते, पण ७४२ आकडा खटपट्यांनी दिलेल्या २० हजारांच्या जवळपासही नाही. त्यात बाबांच्या बटणाखेरीज आठ वर्षांत घरची वीज किती वेळा गेली तेही आलं.
चिंता सी५ची. चोवीस सेक्टर असे आहेत की डिस्कला वाचता येत नाहीत आणि ती ठरवू शकत नाही की ते कायमचे बाद की तात्पुरते. आठ सेक्टर तिने आधीच बाद करून राखीव जागेतले वापरायला घेतलेत, ते ०५ मध्ये दिसतात. सी७ शून्य म्हणजे केबल चांगली आहे. ३१ हजार तास चाललेली डिस्क आहे, म्हातारी झालीय.

खटपट्या
थोडा मतभेद. सी५ वाढायला जबरदस्तीचं शटडाउनही कारण असू शकतं. सेक्टर लिहिताना अध्येमध्ये वीज तुटली तर अर्धा जुना, अर्धा नवा राहतो, शेवटचा तपास-कोड जुळत नाही आणि डिस्क म्हणते "वाचता येत नाही". चकतीला काहीच झालेलं नसतं. त्यावर पुन्हा लिहिलं की तो सेक्टर ठणठणीत होतो. तेव्हा सगळे २४ म्हातारपणाचेच, असं आत्ताच म्हणता येणार नाही.

डेटा_दवाखाना
मान्य, असं होतं. पण चालू सेक्टर पुरा करण्याइतकी तजवीज हल्लीच्या डिस्क बहुधा ठेवतात. चोवीसच्या चोवीस तसे असतील हे पटत नाही. ठरवायचा उपाय सोपा आहे. नव्या डिस्कवर सगळं हलवल्यावर जुनीला क्विक नव्हे, पूर्ण फॉरमॅट मारायचा. विस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्यं लिहितो, म्हणजे त्या चोवीस जागांवरही लिहिलं जाईल. नंतर सी५ शून्यावर आला आणि ०५ आठवरच राहिला तर तुमचं खरं. ०५ वाढला तर माझं.
आणि कोंबडी आधी की अंडं ते बघायचं असेल तर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टीमच्या नोंदी. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद म्हणजे पीसी रीतसर बंद झाला नव्हता. तिच्या आधी 'डिस्क' नावाने ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी आहेत का बघा. ७ म्हणजे खराब सेक्टर, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं.

जुना_टेक्निशियन
तोवर बाबांसाठी. पीसी थिजला की आधी कीबोर्डवरचं नमलॉक दाबायचं. दिवा लागतो-विझतो तर मशीन जिवंत आहे, वाट बघा. स्क्रीनच काळी झाली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, डिस्प्लेचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तरी हलेना तर पॉवरचं बटण एकदाच दाबून *सोडायचं*. डेस्कटॉपवर सहसा त्याने रीतसर शटडाउन सुरू होतं. चारेक सेकंद दाबून धरलं की मदरबोर्ड विंडोजला न विचारता थेट वीज तोडतो. लोक पहिल्याच फटक्यात धरूनच ठेवतात.

खटपट्या
आणि कॅबिनेटला रिसेटचं छोटं बटण असेल तर जबरदस्ती करताना आधी ते. रिसेटने डिस्कची वीज तुटत नाही. चकत्या फिरत राहतात, घाईचं पार्किंग होत नाही आणि डिस्कच्या कॅशमध्ये पोचलेलं ती लिहून टाकते. विंडोजच्या पोटात राहिलेलं जातं, पण तेवढंच. हल्लीच्या कॅबिनेटवरून हे बटण का गायब करताहेत देव जाणे.

निळी_छत्री
नोंदी बघितल्या. ४१च्या बऱ्याच आहेत, आणि मी उघडून बघितल्या त्यांच्या काही मिनिटं आधी १५३ची रांगच आहे. ७ सुद्धा आहेत. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी आईला स्पीकरवर घेऊन पुन्हा वाचायला लावलं.
नवीन एसएसडी मागवलीय, जुनीवर तो फॉरमॅटचा प्रयोग करून आकडे इथे टाकते. @घाटमाथा, यूपीएस कितीचा घेऊ?

घाटमाथा
एक डेस्कटॉप आणि मॉनिटर असेल तर ६०० व्हीएचा पुरतो. दहा-पंधरा मिनिटं चालला तरी खूप झालं, सेव्ह करून रीतसर बंद करायला तेवढीच लागतात. प्रिंटर त्यावर लावू नका, लेझर असेल तर मुळीच नाही. बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, तेव्हा अधूनमधून भिंतीवरचा स्विच पाडून बघा. अर्थात सगळं सेव्ह करून.

इचलकरंजीकर
धागा जरा हायजॅक करतो. दुकानात सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आहे, त्याला शटडाउन असं कुणी करतच नाही. रात्री मेन स्विच पाडतो, तोही जातो. त्यातली डिस्क दोन वर्षांत गेली. तेच कारण का?

डेटा_दवाखाना
नुसत्या त्याने गेली असं वाटत नाही. डीव्हीआर चालू असतो तोवर सतत लिहित असतो, आणि बसवणारे पुष्कळदा त्यात पीसीची साधी किंवा जुनी काढलेली डिस्क घालतात. वर डबा बंद खोक्यात, ना हवा ना पंखा. उष्णता हे पहिलं कारण धरा. यासाठी सतत लिहिण्याच्या वेगळ्या डिस्क मिळतात, त्या घ्या.
पण एक कळलं नाही, रात्री मेन स्विच पाडता म्हणजे चोर यायच्या वेळेलाच कॅमेरे बंद?

इचलकरंजीकर
...हे कुणी आजवर विचारलंच नव्हतं. डीव्हीआरची लाइन मेनच्या आधीपासून घेतो. यूपीएसही लावतो.

घाटमाथा
लावाल तेव्हा कॅमेऱ्यांचा अडॅप्टरही त्याच यूपीएसवर घ्या. बहुतेक ठिकाणी नुसता डीव्हीआर लावतात, आणि वीज गेल्यावर तो तासभर काळा पडदा इमानेइतबारे रेकॉर्ड करतो.